तपकिरी डबेवाला

४ जून

चि. कुरकुऱ्या,

पोटभर आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, गुडघा त्याच्या मर्जीप्रमाणे आहे आणि स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोय. प्लंबर 'आलोच' म्हणून गेला तो गेलाच. तुझा बोगदा किती पुढे सरकला? तिकडे जेवणाचे हाल आहेत म्हणालास, तेवढंच मला फोनवर कळलं. बाकी सगळं मशीनची धडधड, 'हॅलो हॅलो' आणि तुझं 'हं'. म्हणून मी ठरवलं, यापुढे पत्र लिहायचं. पत्रात धडधड नाही, आणि मुख्य म्हणजे मी बोलत असताना तुला मधे तोंड घालता येत नाही.

तुझी मावशी परवा येऊन गेली. माझे पडदे धुवायला झालेत हे सांगायला आली होती. सांगितलं, चहा प्यायली, गेली. पडदे आहेत तिथेच आहेत.

आता मुद्दा. आधी बसून घे. बसलास? मी बाबांचा कॉम्प्युटर कपाटावरून खाली काढला.

हो, तोच. तू चादरीत गुंडाळून, वरून सुतळी आवळून, 'आई, याला कोणीही हात लावायचा नाही' अशी तंबी देऊन ठेवलेला. तुझ्या गाठी सोडवताना माझी नखं तुटली. शेवटी कात्री घेतली आणि सुतळी कापून टाकली.

झालं असं की माझं गजराचं घड्याळ बंद पडलं. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याखाली घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे ना, तिथे घेऊन गेले. त्या गृहस्थांना सगळे घड्याळजीच म्हणतात. दुकानाच्या चारही भिंतींवर घड्याळं, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मी म्हटलं, "अहो, यातली खरी वेळ कुठली?" तर म्हणाले, "बाई, खरी वेळ हवी असली की मी समोरच्या बँकेत डोकावतो."

मला हसू आलं. मान वळवली तर काउंटरच्या टोकाला एक जुना कॉम्प्युटर चालू! बाबांच्या वेळचाच, पण बाबांचा नव्हे. जाडजूड, तपकिरी. बाबा त्या जातीच्या नावाने कशी बोटं मोडायचे आठवतं? 'ते तपकिरी डबेवाले' म्हणायचे, जसे काही ते लोक पोरं पळवतात. आपला काळा, चपटा, रबरी बटणांचा, तोच काय तो कॉम्प्युटर.

मी सहज म्हटलं, "आमच्याकडेही होता, पण तुमच्यातला नव्हे." घड्याळजींच्या हातातला चिमटा खाली पडला. "काळा? रबरी बटणांचा? अहो, मग आणा की! असा बांधून ठेवला की आतून मरतो तो. आणि कॅसेटी? कॅसेटी आहेत?"

कॅसेटी म्हटल्यावर मला आठवलं, बाबा कॉम्प्युटरवरचं सगळं गाण्यांच्या कॅसेटींवरच साठवायचे. त्यातल्या एकीवर आपलं गॅलरीतलं चित्र आहे. मी बाकावर विणत बसलेली, तू माझ्या पायाशी. बाबांनी कामावरून आल्यावर एकेक ठिपका लावून काढलेलं. बाबांचे फोटो आहेत, पण बाबांच्या हातचं असं तेवढंच आहे रे. ते गेल्यापासून मी ते पाहिलं नाही. तू बांधून ठेवलंस आणि मीही गप्प बसले, कारण तेव्हा मलाही बघवलं नसतं. आता बघावंसं वाटलं.

तर मी ते गाठोडं रिक्षात घालून दुकानात नेलं. टेपरेकॉर्डरमधला कॅसेट फिरवायचा पट्टा वितळून डिंकासारखा झाला होता, तो त्यांनी बदलला. कॅसेट किंचाळायला लागली आणि पडद्यावर चित्र उतरायला लागलं. आधी नुसत्या रेघा, मग वरून एकेक रंग. खालचा भाग रंगायच्या आधीच कॅसेट अडली, पण मी होते, तू होतास, गॅलरी होती. मी सरळ रडले. घड्याळजींनी त्या वेळी भिंतीवरचं एक घड्याळ पुसायला घेतलं, ते मला बरं वाटलं.

मग जरा वेळाने पडदा काळा झाला. त्यांनी पुन्हा कसाबसा चालू केला, पण म्हणाले, "याचा आता भरवसा नाही. चित्र राखायचं तर दुसऱ्या मशीनवर न्यायला हवं." मी विचारलं, "कुठल्या?" ते खाकरले आणि आपल्या तपकिरी डब्याकडे बोट केलं.

मी हो म्हणून आले आहे. रागवायचं असेल तर पत्रातच रागव, म्हणजे मला सावकाश वाचता येईल.

तुझी सुतळी कापणारी,
आई


२५ जून

चि. कुरकुऱ्या,

आशीर्वाद आहेतच, पण या वेळी जरा कमी.

पत्र पोचलं. एवढं लांब पत्र तू मला सहलीवरूनही कधी लिहिलं नव्हतंस. राग आला की तुला छान लिहिता येतं हे या वयात कळलं. 'बाबांच्या वस्तूला हात लावायला कोणी सांगितलं?' हे वाक्य तर तू इतकं दाबून लिहिलं आहेस की कागदाच्या मागून हाताला लागतंय. अगदी बापावर गेला आहेस. त्यांचंही हेच. भाजीत मीठ कमी पडलं की कुरकुर, पण ताटात कधी काही उरलं नाही.

तुझे प्रश्न दोन. बाबांचं चित्र बिघडलं तर काय, आणि हा माणूस कोण. पहिल्याचं उत्तर नीट देते.

बाबांची कॅसेट आहे तशी आहे. तिच्यावर कोणी काही लिहिलेलं नाही. घड्याळजींनी सगळ्यात आधी तिची नक्कल करून घेतली आणि मूळ कॅसेट माझ्या हातात दिली. ती माझ्या कपाटात, लोकरीच्या गुंड्यांमधे आहे. जे काही खेळ चालले आहेत ते नकलेवर. झालं समाधान?

आता खेळ ऐक. या दोन मशीनांचं एकमेकांशी अजिबात जमत नाही. काळ्याची कॅसेट तपकिरीला ऐकवली तर त्याला नुसता कलकलाट ऐकू येतो. म्हणून घड्याळजींनी दोघांच्या मधे एक वायर जोडली. काळ्याने चित्रातला एकेक आकडा सांगायचा, तपकिरीने ऐकून मांडायचा. तर काळा इतका भरभर बोलायला लागला की निम्मे आकडे वाटेतच सांडले. मग त्याला शिकवलं, एक आकडा सांगायचा आणि समोरून 'हं' आलं की मगच पुढचा. मला हे लगेच समजलं. तुझं-माझं फोनवर असंच चालतं, फक्त मी थांबत नाही.

पहिल्यांदा चित्र त्या बाजूला उमटलं तेव्हा आकाश हिरवं, कुंडीतली रोपं जांभळी आणि मी निळीशार! मी हसून हसून स्टुलावरून पडायची बाकी होते. प्रत्येक रंगाला आकडा असतो म्हणे; आपल्याकडे सहा म्हणजे पिवळा, त्यांच्याकडे सहा म्हणजे निळा. घड्याळजी एवढंसं तोंड करून म्हणाले, "माफ करा बाई. आकडा नेला, पण रंग विचारायचा राहिला." मग बसून त्यांनी कुठल्या आकड्याला कुठला आकडा ते जुळवलं.

रंग आले तर मी जाडी! तपकिरी डब्याला इतके रंग दाखवायचे तर त्याचा ठिपका आडवा, दुप्पट रुंद होतो म्हणे. बाबांनी शिडशिडीत काढलेली मी बाकभर पसरले, आणि तू तर उशीसारखा दिसत होतास. त्यावर उपाय म्हणून त्यांनी चित्रातला एकाआड एक उभा पट्टा गाळला. बारीक झाले, पण एक डोळा गेला. बाबांनी तो एकाच ठिपक्याचा काढला होता, तो नेमका गाळलेल्या पट्ट्यात. सुयाही गेल्या. म्हणजे मी एका डोळ्याने, हात हवेत धरून, शेजारणीशी भांडत बसल्यासारखी दिसत होते. घड्याळजींनी मग डोळा परत बसवला. प्रत्येक ठिपक्याआधी विचारायचे, "बाई, इथे ठेवू? बघा हं, नाहीतर बाबांचं चित्र माझं होऊन बसेल." त्यांनी 'बाबांचं' म्हटलं. माझ्या तोंडून सारखं ऐकून त्यांच्याही तोंडात तेच बसलं आहे.

राहिला माझा चेहरा. बाबांकडे रंग मोजके, त्यांनी नाइलाजाने पिवळा दिला होता. इकडे सोळा आहेत. घड्याळजी म्हणाले, "पिवळाच ठेवू, की जरा जवळचा शोधू?" मी म्हटलं, "शोधा की." तर त्यांनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं, टेबलावरचा दिवा माझ्याकडे वळवला आणि माझ्याकडे बघत बसले. इतका वेळ माझ्याकडे अलीकडे कोणी पाहिलेलं नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांनीसुद्धा नाही. मला कुठे बघावं कळेना. शेवटी म्हणाले, "सोळांतला एकही नाही, बाई." आणि दोन रंगांचे ठिपके आलटून पालटून लावले. जवळून नुसता भाजल्यासारखा दिसतो, पण दोन पावलं मागे गेलं की मीच!

हे चाललं असताना दारात कोण? तुझी मावशी. घड्याळाचा पट्टा बदलायला आलेली. तो दिवा बघून म्हणाली, "ताई, चेहरा दुरुस्तीला टाकलास की काय?"

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे, ते घड्याळं दुरुस्त करतात. पहिल्या पत्रात सांगितलंच होतं. गजराचं घड्याळ अजून झालेलं नाही, त्यामुळे रोज विचारायला जावं लागतं. कागद संपत आला.

तुझी, दोन्ही डोळे शाबूत असलेली,
आई


१७ जुलै

चि. कुरकुऱ्या,

अनेक आशीर्वाद, पूर्ण मापाचे.

मावशीने तुला फोन केला हे कळलं. तिच्या पोटात काही राहत नाही. ती म्हणाली, तू सगळं ऐकून 'हं' म्हणालास आणि फोन ठेवलास. त्यानंतर तुझं पत्र नाही. रोज पोस्टमनचा आवाज आला की मी हातातलं टाकून जिन्यापाशी जाते आणि गुडघ्याला शिव्या देत परत येते.

तिने तुला अर्धवट सांगितलं असणार. पूर्ण मी सांगते. माझ्याकडून आधी कळायला हवं होतं, पण लिहायला बसले की माझं पेन ठिपक्यांकडे आणि रंगांकडेच वळायचं.

घड्याळजींनी मला लग्नाचं विचारलं आहे.

एक दिवस त्यांनी गजराचं घड्याळ माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "हे पहिल्याच दिवशी नीट झालं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही घेऊन गेला असतात." मी म्हटलं, "अहो, मग रोज 'उद्या या' म्हणून सांगत होतात ते?" तर मान खाली घालून म्हणाले, "हो, खोटं सांगत होतो." आणि मग विचारलं. त्यांची बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मूलबाळ नाही. दुकानामागच्या खोलीत एकटे राहतात. दोन खुर्च्या आहेत, एकीवर कायम घड्याळांचे खोके. आता मी जायला लागल्यापासून खोके जमिनीवर असतात.

मला हवं आहे रे. उगाच आढेवेढे घेत नाही. मला सकाळी उठून कोणाशी तरी पेपरातल्या बातमीवरून वाद घालायचा आहे. हसायला लावणारं माणूस मला या वयात परत भेटलं, याचा मला आनंद झाला आहे आणि तो मला लपवता येत नाही. तू नाही म्हणालास तर लग्न मोडेल की नाही, मला सांगता येत नाही. पण तू तोंड फिरवलंस तर माझा आनंद अर्धा होईल, हे पक्कं सांगते.

बाबांना काय वाटलं असतं याचा मी खूप विचार केला. मी परत लग्न केलं याचं त्यांना फारसं काही वाटलं नसतं. तपकिरी डबेवाल्याशी केलं, याच्यावरून मात्र त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं!

आता चित्राचं. ते जवळजवळ झालं आहे. काळ्या मशीनची रीत अशी, की आधी सगळ्या चित्राच्या रेघा आणि रंग अगदी शेवटी, तेही वरून खाली. आणि कॅसेटची फीत शेवटालाच चुरगळलेली. त्यामुळे खालच्या भागाचे रंग आलेच नाहीत. फरशी, बाकाचे पाय आणि तू. फरशीचा प्रश्न नव्हता, तीच अजून आहे. बाकाचे पाय मीच रंगवले होते, ते हिरवे. राहिला तुझा स्वेटर.

मी म्हटलं, "हिरवा." घड्याळजी म्हणाले, "नक्की?" मी म्हटलं, "अहो, मी विणलाय, मला माहीत नाही?" त्यांनी बटणाला हात लावला आणि माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, "थांबा, निळाही असेल." मग करडा वाटायला लागला. तुझ्यासाठी मी इतके विणले आहेत की सगळ्यांची सरमिसळ झाली आहे. शेवटी वैतागून मी म्हटलं, "भरा हो कुठलाही, कोण बघतंय!" तर ते मला पहिल्यांदाच जरा चढ्या आवाजात म्हणाले, "नाही बाई. ज्याचा स्वेटर आहे तो बघेल. त्याला विचारा. तो सांगेल तो भरू, आणि त्याने नाही सांगितलं तर कोरा ठेवू."

खरं सांगू? तोपर्यंत मी त्यांना 'विचार करून सांगते' एवढंच म्हटलं होतं. घरी चालत येताना माझं 'हो' ठरलं.

तर सध्या तू त्या काउंटरवर माझ्या पायाशी कोऱ्या स्वेटरमधे बसला आहेस. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं विचारतात, "याला रंग नाही दिला?" घड्याळजी सांगतात, "पत्र यायचंय."

स्वेटरचा रंग कळव. आणि तुझ्या मनात जे आहे तेही कळव, कडू असलं तरी. नुसतं 'हं' म्हणू नकोस.

जिन्यापाशी उभी,
आई


२ ऑगस्ट

प्रिय आई,

नमस्कार. मी बरा आहे. बोगदा पलीकडे निघाला, त्या गडबडीत होतो, हे खरं आहे पण उशिराचं कारण ते नाही. दोनदा लिहायला घेतलं आणि फाडलं.

हिरवा नव्हता. निळा नव्हता, करडाही नव्हता. तू कशी विसरलीस? लाल होता. बाबांचा मफलर होता तो.

त्या थंडीत मला जुना स्वेटर तोकडा झाला आणि घरात लोकर नव्हती. तू बाबांना न विचारता त्यांचा लाल मफलर उसवायला घेतलास. मी समोर दोन्ही हात पसरून बसलो होतो आणि तू माझ्या हातांवर लोकर गुंडाळत होतीस. तेवढ्यात बाबा आले. दारातच उभे राहून ओरडले, "माझ्या वस्तूला हात लावायला कोणी सांगितलं?" मी इतका घाबरलो की हात तसेच वर धरून बसलो. तू मात्र हसत होतीस आणि गुंडाळत होतीस. म्हणालीस, "लोकर तीच आहे हो, कुठे जात नाही."

मग ते कितीतरी दिवस कुरकुरत होते. गार वारं आलं की मुद्दाम गळा चोळायचे. आणि एक दिवस स्वेटर पुरा झाला, तू तो मला घातलास, तेव्हा त्यांनी मला लांबून पाहिलं, जवळ बोलावून कॉलर सारखी केली आणि म्हणाले, "जा, आईच्या पायाशी बस. आणि हलायचं नाही." ते चित्र त्यांनी तेव्हा सुरू केलं. त्या स्वेटरसाठीच काढलं ते, आई.

हे आठवल्यावर मी तुला काय लिहिलं होतं ते आठवलं. तू म्हणतेस ते बरोबर आहे, मी बापावरच गेलो आहे. माझीही कुरकुर करून झाली. त्यांच्यापेक्षा जरा जास्तच लांबली.

लाल भरा. घड्याळजींना सांग, गडद लाल, मिरवणारा. आणि मला विचारल्याशिवाय त्यांनी तो भरला नाही, याबद्दल त्यांना माझा नमस्कार सांग.

पुढच्या महिन्यात रजा मिळते आहे. तोवर लग्न उरकू नका. नळ मी आल्यावर बघतो. चादर धुऊन पांघरायला काढ आणि नवी सुतळी आणू नकोस, आता काही बांधून ठेवायचं नाही.

तुम्हा दोघांचा,
कुरकुऱ्या